परदेशी किराणा साखळीने भारतात कसे उतरावे : आधी खरेदी, मग दुकान

परदेशातील एखादी किराणा साखळी भारतात यायचे ठरवते, तेव्हा तिचा आराखडा तिकडच्या मुख्यालयात तयार होत असला तरी तो उभा करण्याचे काम इथल्याच माणसांच्या हाती येते. सल्लागार संस्थेतील सहकारी, कंपनी सचिव, गोदामाचा मालक, शेतकरी उत्पादक कंपनीचा व्यवस्थापक आणि खरेदी विभागात नव्याने लागलेला कृषी पदवीधर ही मंडळी ते काम करतात. त्यांना कामाचा क्रम ठरवताना उपयोग व्हावा म्हणून हा लेख लिहीत आहे.

क्रमाबद्दलचे माझे मत सुरुवातीलाच सांगतो : खरेदीची घडी बसल्याखेरीज विक्रीचे दुकान उघडू नये. आपल्या कायद्याने परदेशी साखळीसाठी ज्या मुख्य वाटा ठेवल्या आहेत, त्यांतील बहुतेक कुठे ना कुठे खरेदीच्या प्रश्नापाशी येतात, आणि हा प्रश्न कागदावर सोडवून घाईने विक्रीकडे वळणाऱ्याची पुढे फार ओढाताण होते.

वाट कोणती निवडावी

सर्वांत जुनी वाट घाऊक व्यापाराची आहे. १९९७ मध्ये घाऊक व्यापारात सरकारच्या पूर्वपरवानगीने १०० टक्के परदेशी गुंतवणुकीला मुभा मिळाली आणि २००६ मध्ये पूर्वपरवानगीची अटही गेली. जर्मनीची मेट्रो २००३ मध्ये बंगळुरूला याच वाटेने आली, वॉलमार्टने भारती समूहाच्या भागीदारीत २००९ मध्ये अमृतसरला पहिले घाऊक दुकान उघडले आणि फ्रान्सची कारफूर २०१० च्या अखेरीस दिल्लीत उतरली. अशा दुकानात घरगुती ग्राहकाला माल विकता येत नाही. किराणा दुकानदार, हॉटेल, खानावळ, केटरर, कँटीन अशा नोंदणीकृत खरेदीदारालाच सभासद करून घ्यावे लागते, त्याच्या परवान्याची किंवा कर-नोंदणीची नोंद ठेवावी लागते, आणि आपल्याच समूहातील कंपन्यांना केलेली विक्री एकूण उलाढालीच्या २५ टक्क्यांपुढे जाऊ द्यायची नसते.

दुसरी वाट अनेक ब्रँडांच्या किरकोळ विक्रीची. नोव्हेंबर २०११ मध्ये मंत्रिमंडळाने ५१ टक्क्यांपर्यंतच्या परदेशी गुंतवणुकीला मंजुरी दिली, विरोध उसळल्यावर दोन आठवड्यांच्या आत तो निर्णय स्थगित झाला, आणि सप्टेंबर २०१२ मध्ये तो अटींसह अमलात आला. किमान १० कोटी डॉलरची गुंतवणूक आणायची. त्यातील निदान निम्मी रक्कम तीन वर्षांत गोदामे, शीतगृहे, प्रतवारी, वेष्टन, वाहतूक अशा मागच्या सुविधांवर खर्च करायची, आणि त्यात जमिनीची किंमत वा भाडे धरायचे नाही. प्रक्रिया केलेल्या व तयार मालापैकी ३० टक्के खरेदी देशातील लघुउद्योगांकडून करायची. आणि ज्या राज्याने संमती दिली असेल तिथेच दुकान मांडायचे. या वाटेवरून पुढे निघालेली मोठी साखळी म्हणजे ब्रिटनची टेस्को. तिने २०१४ मध्ये टाटा समूहातील ट्रेंटबरोबर निम्मी-निम्मी भागीदारी केली, आणि ‘स्टार’ नावाची दुकाने त्या भागीदारीत चालतात.

तिसरी वाट २०१६ ची. देशात पिकलेल्या किंवा बनलेल्या खाद्यपदार्थांच्या विक्रीत, ऑनलाइन विक्री धरून, सरकारच्या मंजुरीने १०० टक्के परदेशी गुंतवणूक करता येते. ॲमेझॉनने २०१७ मध्ये ५० कोटी डॉलरच्या गुंतवणुकीची परवानगी घेतली आणि पुढच्या वर्षी पुण्यापासून सुरुवात केली. ही वाट वरवर सर्वांत मोकळी दिसते, परंतु तिच्यात एक मोठी अडचण आहे. ही मुभा फक्त खाद्यपदार्थांना आहे. घरातली बाई किंवा बुवा महिन्याचा किराणा भरायला निघाले की तांदूळ-डाळीबरोबर साबण, कपड्यांची पावडर, टूथपेस्ट आणि अगरबत्तीही यादीत असते, आणि दुकानदाराची कमाई अनेकदा धान्यापेक्षा याच वस्तूंवर बरी होते. त्या वस्तू वगळून दुकानाचे भाडे आणि पगार निघतात का, हा हिशेब अर्ज करण्याआधी मांडावा.

याशिवाय नाव आणि पद्धत भाड्याने देण्याची वाट आहे, जिच्यात भारतीय भागीदार सगळी गुंतवणूक करतो. सेव्हन-इलेव्हनने २०१९ मध्ये फ्यूचर समूहाशी करार केला, तो २०२१ मध्ये संपला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रिलायन्सने अंधेरी पूर्वेला त्या नावाचे भारतातले पहिले दुकान उघडले. वरची खाद्यपदार्थांची मुभा सोडली, तर ऑनलाइन बाजारपेठ चालवणाऱ्या परदेशी मालकीच्या कंपनीला स्वतःच्या मालाचा साठा ठेवून विकता येत नाही. ती फक्त विक्रेता आणि ग्राहक यांची गाठ घालून देऊ शकते. डिसेंबर २०१८ मध्ये सरकारने हे नियम आणखी आवळले, तेव्हा वॉलमार्टने फ्लिपकार्टचा सुमारे ७७ टक्के हिस्सा १६ अब्ज डॉलरना घेऊन जेमतेम काही महिने झाले होते.

नव्याने येणाऱ्या साखळीने घाऊक वाटेने सुरुवात करावी, असे मी सुचवीन. तिच्यात नफ्याचे प्रमाण कमी असते हे खरे; परंतु परवानगीसाठी दिल्लीत थांबावे लागत नाही, साबणापासून डाळीपर्यंत सगळे विकता येते, आणि गावोगावचे किराणा दुकानदार काय उचलतात, कोणत्या आकाराची पिशवी मागतात, कोणत्या महिन्यात कशाकडे पाठ फिरवतात, याचा रोजचा हिशेब हाती येतो. वॉलमार्टने महाराष्ट्रात औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) आणि अमरावती अशी शहरे निवडली होती. जागा स्वस्त, दुकानदार भरपूर आणि आसपास मोठा ग्रामीण भाग, या दृष्टीने अशी निवड अभ्यासण्याजोगी आहे.

भांडवल कोणत्या देशातून येते हेही आधी तपासावे. एप्रिल २०२० पासून भारताला लागून सीमा असलेल्या देशांतील गुंतवणुकीला सरकारी मंजुरीची अट आहे, आणि समूहातील भागधारकांची साखळी लांब असेल तर हा मुद्दा ऐनवेळी निघून सगळे वेळापत्रक कोलमडते.

राज्य आणि धोरण

बाहेरून येणाऱ्याला भारत ही एक बाजारपेठ वाटते, परंतु शेतमालाच्या बाबतीत प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा आहे. २०१२ च्या धोरणाला महाराष्ट्राने संमती दिली. दिल्ली आणि राजस्थान यांनीही आधी दिली होती. सरकारे बदलल्यावर २०१४ च्या सुरुवातीला दोघांनी ती मागे घेतली. म्हणून राज्य निवडताना आजची संमती पाहून भागत नाही. तिथल्या विरोधी पक्षांची, व्यापारी महासंघांची आणि बाजार समित्यांवर ज्यांची पकड आहे त्या मंडळींची भूमिकाही नोंदवून ठेवावी.

महाराष्ट्रात शेतमालाच्या खरेदी-विक्रीचा मूळ कायदा १९६३ चा आहे. २००६ मधील दुरुस्तीने थेट पणन परवाना (शेतकऱ्याकडून थेट खरेदी करण्याचा) आणि खासगी बाजार यांची सोय झाली. जुलै २०१६ मध्ये फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढला गेला आणि त्याच वेळी आडत (आडत्याची दलाली) शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरले. व्यापाऱ्यांनी तेव्हा बाजार बंद ठेवले होते. आज बाजार आवाराबाहेर भाजीपाला घेण्यासाठी बाजार समितीकडे जावे लागत नाही, परंतु धान्य, डाळी आणि नियमनाखालील इतर मालाचा प्रश्न वेगळा आहे. त्यासाठी पुण्याच्या पणन संचालनालयाकडे सुरुवातीलाच लेखी विचारणा करून उत्तर फाइलला लावावे.

केंद्राच्या बाजूने जीवनावश्यक वस्तू कायदा, १९५५ विसरू नये. जून २०२३ मध्ये गव्हाच्या साठ्यावर मर्यादा आली, तेव्हा घाऊक व्यापाऱ्याला ३,००० टन, साखळी दुकानांना प्रत्येक दुकानामागे १० टन आणि त्यांच्या सर्व गोदामांत मिळून ३,००० टन अशी सीमा घालण्यात आली. त्याच महिन्यात तूर आणि उडदावरही मर्यादा आल्या. हंगामात स्वस्तात भरून वर्षभर विकायचे, असे गणित ज्यांनी केले असेल त्यांचे अशा वेळी हात बांधले जातात. सप्टेंबर २०२० मध्ये झालेले तीन कृषी कायदे पुढच्याच वर्षाच्या अखेरीस रद्द झाले, हेही ताजे उदाहरण आहे. मुख्यालयाला पाठवायच्या आराखड्यात धोरण आहे तसे राहिले तर काय, अटी आवळल्या तर काय आणि परवानगी मागे घेतली गेली तर काय, असे तीन वेगळे हिशेब द्यावेत. तिसरा हिशेब पाहून मुख्यालय कचरत असेल तर त्याने अजून येऊ नये, हेच उत्तम.

खरेदीची घडी

या कामाचा गाभा इथे आहे. नारायणगावच्या परिसरातील टोमॅटोचे उदाहरण घेऊ. तिथे भाव २० किलोच्या क्रेटवर बोलला जातो. साखळीचे संकलन केंद्र गावाजवळ असते. शेतकरी तोडणी करून क्रेट घेऊन येतो. केंद्रावरचा माणूस क्रेट टेबलावर रिकामा करतो आणि रंग, आकार व कडकपणा बघत तडकलेले, डागी, अळीने पोखरलेले आणि जास्त पिकलेले फळ बाजूला काढतो. निवडलेला माल वजन होऊन गाडीत चढतो. उरलेला माल शेतकऱ्याच्या पायाशी तसाच पडून राहतो.

त्या उरलेल्या मालाचे काय होते, यावर केंद्राचे भवितव्य ठरते. समजा, शेतकऱ्याने २० क्रेट म्हणजे ४०० किलो टोमॅटो आणले. बाजार समितीत सरसकट मालाला किलोमागे १५ रुपये मिळत असतील तर त्याचे ६,००० रुपये होतात आणि त्यातून हमाली, तोलाई व गाडीभाडे जाते. केंद्राने १७ रुपये देऊ केले, परंतु १३ क्रेटच घेतले, तर ४,४२० रुपये हातात पडतात. राहिलेले १४० किलो आता लिलावाची वेळ टळल्यावर न्यायचे, त्यासाठी वेगळे भाडे भरायचे, आणि चांगला माल निघून गेलेला ढीग पाहून व्यापारी ८ रुपयांच्या वर जात नाही, म्हणजे १,१२० रुपये. बेरीज ५,५४० होते. किलोमागे दोन रुपये जास्त देऊनही साखळीने शेतकऱ्याला तोट्यात लोटलेले असते, आणि मुख्यालयातील अहवालात मात्र ‘बाजारापेक्षा जास्त भाव दिला’ अशी नोंद होते.

यावर उपाय आहेत आणि ते दुकान उघडण्याआधी करायचे आहेत. दुसऱ्या प्रतीच्या मालाला गिऱ्हाईक शोधून ठेवावे : खानावळी आणि केटरर यांना रश्श्यासाठी पिकलेला टोमॅटो चालतो, प्युरी व सॉस करणारे कारखाने असतात, आणि घाऊक दुकान हाती असेल तर तिथेही वेगळ्या भावाने तो खपतो. म्हणजे केंद्राने दोन प्रतींचे दोन भाव जाहीर करून सगळा माल उचलावा. शेतातच निवड कशी करायची हे मजुरांना दाखवावे, म्हणजे नाकारण्याचे प्रमाण खाली येते. मागणी आदल्या दिवशी दुपारपर्यंत कळवावी. संध्याकाळी तोडणी झाल्यावर ‘उद्या माल नको’ असा फोन गेला तर तो शेतकरी पुन्हा केंद्राची पायरी चढत नाही. भाव कसा ठरतो, कोणत्या बाजाराचा कोणत्या दिवसाचा दर धरला जातो आणि त्यावर किती दिले जाते, हे मराठीत लिहून केंद्रावर लावावे. प्रत्येक व्यवहाराची पट्टी म्हणजे हिशेबाची पावती शेतकऱ्याच्या हातात द्यावी, आणि नाकारलेल्या मालाचे वजन व कारण तिच्यावर लिहावे.

भाव चढला की शेतकरी माल बाजारात नेतो आणि केंद्र ओस पडते, अशी तक्रार खरेदी अधिकारी करतात. ती खरी आहे. परंतु भाव कोसळला की केंद्रही हात आखडता घेते, हेही तितकेच खरे आहे, आणि पहिली गोष्ट बहुतेक वेळा दुसरीचे उत्तर असते. ठरलेला किमान माल पडत्या भावातही उचलायचा, असा नियम घालून घ्यावा आणि त्यासाठी अंदाजपत्रकात वेगळी तरतूद ठेवावी. टोमॅटो रस्त्यावर ओतला जात असताना ज्या केंद्राने गाडी भरली, त्याच्याकडे पुढच्या टंचाईत माल येतो.

आडत्याची जागा आपण घेऊ, असा समज करून घेणेही महागात पडते. आडत्या शेतकऱ्याला हंगामाआधी उचल देतो, रोपे आणि औषधांसाठी पैसे पुरवतो, घरात लग्न किंवा आजारपण निघाले तर रात्री दार उघडतो, आणि मग तो माल त्याच्याच गाळ्यावर येतो. परदेशी कंपनीच्या लेखा विभागाला असा व्यवहार करता येणार नाही आणि तिने करूही नये. तिने पैसे ठरल्या दिवशी बँक खात्यात जमा करावेत, पीककर्जाचे काम बँकेवर आणि गावच्या पतपुरवठा सोसायटीवर सोडावे, आणि जिथे शेतकरी उत्पादक कंपनी भक्कम आहे तिथे तिच्यामार्फतच खरेदी करावी. नाशिक जिल्ह्यातील मोहाडीच्या सह्याद्री फार्म्ससारख्या कंपनीने प्रतवारी, शीतगृहे आणि प्रक्रिया शेतकऱ्यांच्या मालकीत उभी करून दाखवली आहे. अशा संस्थेशी करार करताना आपल्या अटी तिच्यावर लादण्यापेक्षा तिच्या अटी नीट ऐकाव्यात, कारण युरोपला द्राक्षे पाठवताना कीटकनाशकांच्या अवशेषांचे जे नियम पाळावे लागतात, त्यांची सवय नाशिकच्या निर्यातदार शेतकऱ्याला इथल्या दुकानदारीपेक्षा आधीपासून आहे.

लघुउद्योगांकडून होणारी खरेदी हा दुसरा भाग. मसाले, पापड, लोणची, चटण्या, शेवया, लाडू, चिवडा बनवणारे शेकडो लहान कारखाने आणि बचत गट राज्यात आहेत. त्यांचा माल चवीला उत्तम असतो, परंतु वेष्टनावरील मजकूर, बॅच क्रमांक, टिकाऊपणाची चाचणी आणि सातत्याने पुरवठा यांत ते मागे पडतात. त्यांना शिकवायला माणूस द्यावा लागतो आणि त्यासाठी वर्षभराचा अवधी धरावा. पैशांच्या बाबतीत कायदा स्पष्ट आहे : २००६ च्या कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म आणि लघुउद्योगांना लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. युरोपातील मुख्यालयाच्या छापील करारात ६० किंवा ९० दिवस लिहिलेले असतात आणि ते तसेच इथे वापरले जातात. हे कलम पहिल्याच बैठकीत बदलून घ्यावे. राधाकिशन दमाणी यांच्या डीमार्टकडे पुरवठादार खुशीने माल देतात, त्यात पैसे लवकर मिळण्याचा वाटा मोठा आहे.

गोदाम

२०१७ मध्ये जकातीची शेवटची मुंबईतील नाकी गेली आणि वस्तू व सेवा कर आला, त्यानंतर प्रत्येक राज्यात करासाठी वेगळे गोदाम ठेवण्याचे कारण उरले नाही. मुंबई महानगरासाठी भिवंडी हेच अजूनही मोठे ठिकाण आहे. गोदाम घेताना भाडे, छताची उंची आणि रस्ता तर पाहावाच, परंतु महाराष्ट्रात माथाडी कायदाही पाहावा लागतो. १९६९ च्या या कायद्याने हमाल व तत्सम अंगमेहनती कामगारांची नोंदणी, मजुरी, भविष्यनिर्वाह निधी आणि आजारपणाची सोय माथाडी मंडळांमार्फत केली जाते. अनेक परदेशी व्यवस्थापकांना हा कायदा पहिली गाडी दारात उभी राहिल्यावरच कळतो. मालकाने मंडळाकडे नोंदणी करावी, कामगारांची टोळी आणि दर लेखी ठरवावेत, मजुरी मंडळात भरावी. माथाडीच्या नावाखाली कोणी बेकायदा वाराई (माल चढवण्या-उतरवण्याचे पैसे) मागत असेल तर तक्रार मंडळाकडे आणि पोलिसांकडे करावी, आणि त्या तक्रारीच्या आडून खऱ्या माथाडी कामगाराचा हक्क बुडवू नये. पाठीवर गोणी वाहणाऱ्या माणसाला निवृत्तीचे पैसे देणारा हा कायदा महाराष्ट्राने मोठ्या चळवळीनंतर मिळवला आहे.

आयात मालाच्या बाबतीत मुदतीचा हिशेब काटेकोर ठेवावा. बंदरातून सुटताना मालाच्या एकूण टिकाऊपणापैकी निदान ६० टक्के मुदत किंवा तीन महिने, यांपैकी जे कमी असेल तेवढे शिल्लक असावे लागते. आयातदाराचे नाव-पत्ता, मूळ देश, कमाल किरकोळ किंमत, निव्वळ वजन, आणि शाकाहारी-मांसाहारी चिन्ह वेष्टनावर असावेच लागते. जवाहरलाल नेहरू बंदरात कंटेनर अडकला तर त्याचे भाडे दिवसागणिक चढते आणि चीजची मुदत दिवसागणिक उतरते.

दुकान आणि किराणा दुकानदार

खरेदी, गोदाम आणि पुरवठादार निदान एक पूर्ण वर्ष चालवून पाहिल्यावर दुकानाकडे वळावे, कारण वर्षभरात पावसाळा, श्रावण, दिवाळी आणि उन्हाळा हे चारही प्रसंग येऊन जातात. प्रत्येक जागेसाठी अन्नसुरक्षा परवाना वेगळा लागतो आणि त्याचा १४ अंकी क्रमांक दर्शनी लावावा लागतो. पाटी मराठीत, देवनागरीत, आणि इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत असावी. २०१८ पासून राज्यात प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे. २०१७ च्या कायद्याने दुकान चोवीस तास उघडे ठेवता येते.

मालाची यादी परदेशातून आणू नये. पुण्यात आंबेमोहोर आणि इंद्रायणी मागतात, मराठवाड्यात ज्वारीचा दाणा हातात घेऊन पाहतात, कोल्हापूरला कांदा-लसूण मसाल्यावाचून चालत नाही, गोव्यात पाव, नारळ आणि मासळी यांच्याभोवती खरेदी फिरते. आषाढी एकादशीला साबुदाणा, वरई, राजगिरा आणि शेंगदाणे किती लागतात याचा अंदाज चुकला तर ती विक्री वर्षभरासाठी गेली. दिवाळीच्या आधी बेसन, रवा, मैदा, भाजके पोहे आणि खोबरे यांचा साठा निदान महिनाभर आधी हवा. श्रावणात मांसाहारी विभागाची मागणी खाली येते. त्या काळात शीतकपाट रिकामे दिसण्यापेक्षा पनीर-दह्याला जागा द्यावी. शाकाहारी आणि मांसाहारी मालासाठी वेगळी कपाटे, वेगळी कामाची ओटी आणि वेगळ्या सुऱ्या ठेवाव्यात आणि त्या ग्राहकाला दिसाव्यात.

सुट्या धान्याबद्दल दोन शब्द. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या वेष्टनातील धान्य व पिठावर, त्यावर ब्रँड नसला तरी, ५ टक्के कर लागू झाला, आणि कोपऱ्यावरचा वाणी गोणीतून मोजून देतो त्या तांदळावर तो लागत नाही. म्हणजे धान्याच्या भावात साखळी सुरुवातीपासूनच मागे असते. ही तूट निवडलेल्या मालाच्या शुद्धतेने आणि खात्रीच्या वजनाने भरून काढता येते, किंवा सुटे धान्य विकण्याची स्वच्छ सोय दुकानातच करता येते. माझा कल दुसऱ्या उपायाकडे आहे, कारण दाणा दाताखाली धरून पाहणारे गिऱ्हाईक अजून भरपूर आहे.

स्पर्धा कोणाशी आहे हेही समजून घ्यावे. डीमार्टने २००२ मध्ये पवईला पहिले दुकान उघडले आणि बहुतांश जागा विकत घेण्याचे धोरण ठेवले, त्यामुळे भाडेवाढीचा फटका त्याला बसत नाही. त्याच्या शेजारी भाड्याची जागा घेऊन भावात टक्कर देण्याचा विचार नव्या साखळीने करू नये. मुंबईत १९४८ पासून अपना बाजारसारख्या सहकारी भांडारांची परंपरा आहे; स्वस्त आणि खात्रीचा माल ही कल्पना मराठी ग्राहकाला परदेशी साखळीकडून शिकायची नाही.

किराणा दुकानदाराला शत्रू समजून केलेली मांडणी मुळात चुकीची आहे. तो गिऱ्हाइकाला नावाने ओळखतो, खाते लिहून ठेवतो, पाच रुपयांचे जिरे आणि अर्धा लिटर तेल घरपोच देतो. घाऊक वाटेने आलेल्या साखळीचा तो पहिला ग्राहक असतो आणि त्याला काय हवे हे विचारल्याशिवाय कळत नाही. त्याला दुकान बंद ठेवून शहराबाहेरच्या घाऊक दुकानात जायला वेळ नसतो. डिस्ट्रिब्युटरचा सेल्समन दारात येऊन ऑर्डर घेतो, दुसऱ्या दिवशी माल टाकतो आणि पैसे आठवड्याने नेतो. त्या सोयीच्या बदल्यात काय देणार, याचे उत्तर साखळीकडे असले पाहिजे : एकाच बिलात सगळ्या कंपन्यांचा माल, लहान खोक्यांत खरेदी, मुदत संपत आलेला माल परत घेण्याची हमी, दारापर्यंत गाडी आणि बँकेमार्फत मिळणारी थोडी उधारी. एखाद्या दुकानदाराकडे एक दिवस गल्ल्यामागे बसून राहिले तर यातले बरेच काही अहवालाविना उमगते, आणि प्रत्येक नव्या खरेदी अधिकाऱ्याला नेमणुकीच्या पहिल्या महिन्यात तसे बसवावे.

परवाने मिळवताना आणि निघून जाताना

परवाने अनेक असतात आणि त्यांत वेळ जातो, म्हणून मध्यस्थ नेमण्याचा मोह होतो. जून २०१९ मध्ये वॉलमार्टने अमेरिकेच्या यंत्रणांशी तडजोड करून २८ कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरली. भारत, चीन, मेक्सिको आणि ब्राझील येथे मध्यस्थांमार्फत होणाऱ्या देवाणघेवाणीवर पुरेसे नियंत्रण ठेवले नाही, असा ठपका त्यात होता. एका परवान्यासाठी वाचवलेले दोन महिने अशा रकमेपुढे काहीच नाहीत. म्हणून मध्यस्थाला रोखीने पैसे देऊ नयेत, त्याचे बिल कामाच्या तपशिलासह घ्यावे, अर्ज कंपनीच्या माणसाने स्वतः भरावा, आणि उशीर होत असेल तर तो वेळापत्रकात सोसावा.

शेवटी, निघून जाण्याची वेळ आली तर काय करायचे हेही येतानाच लिहून ठेवावे. कारफूरने २०१४ मध्ये आपली पाच घाऊक दुकाने बंद केली. वॉलमार्ट आणि भारती यांची भागीदारी २०१३ मध्ये तुटली. मेट्रोने सुमारे दोन दशकांनी आपली ३१ दुकाने २,८५० कोटी रुपयांना रिलायन्सच्या हवाली केली. दुकाने चालू स्थितीत दुसऱ्याकडे गेली तर पुरवठादार, कामगार आणि सभासद दुकानदार यांचे व्यवहार पुढे चालू राहू शकतात. बंद झाली तर संकलन केंद्रावरच्या शेतकऱ्याचा शेवटचा हप्ता, त्याच साखळीसाठी वेष्टने छापून बसलेल्या लहान कारखान्याचा माल आणि टोळीतील कामगारांची थकबाकी आधी अडकते. ही देणी भागवण्याइतकी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवण्याचे कलम पुरवठादारांच्या करारात पहिल्या दिवसापासून असावे, आणि साखळीच्या वतीने करार लिहिणाऱ्या इथल्या माणसाने ते कोणी मागण्याची वाट न पाहता स्वतःहून घालावे.